सुरतला बिऱ्हाड थाटायचं तर

नवापूर स्टेशनात गाडी थांबली की एकदा खाली उतरून फलाट बघा. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या एका बाकड्याचा एक भाग आपल्या राज्यात आणि दुसरा त्यांच्या. १९९९ साली लग्न होऊन पहिल्यांदा सुरतला निघाले तेव्हा मला हे कुणी दाखवलं नव्हतं. मांडीवर डबा, पायाशी दादर ज्वारीची गोणी आणि खिडकीबाहेर दोन्हीकडे सारखीच शेतं. सुरतच्या अलीकडच्या उधन्याला उतरलो तर रिक्षावाला आपल्याच अहिराणीत विचारतो, "कोठला शेतस तुम्ही?" मला वाटलं, हे तर अमळनेरच.

हे वाटणं मला पुढे महाग पडलं. पुण्या-मुंबईला जाणारा माणूस भीतीनं का होईना, चार गोष्टी विचारून निघतो. सुरतला जाणारा मात्र शेजारच्या तालुक्याला निघाल्यासारखा पिशवी उचलतो. मामा तिथे, साडू तिथे, गल्लीत सगळे धरणगाव-पारोळा-शिंदखेड्याचे. पण ते दुसरं राज्य आहे. शाळा वेगळी, लिपी वेगळी, सरकारी कागद वेगळे. आमच्या गावाहून दर वर्षी दोन-चार पोरं लग्न झालं की तिकडे जातात आणि मला फोन करतात, "काकू, कसं करू?" त्यांना जे तुकड्यातुकड्यानं सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

आधी एकानं जावं

दोघांनी लेकरांसकट एकदम जाऊ नका. नवऱ्यानं आधी जावं, काम धरावं, खोली बघावी, दोन-तीन महिन्यांनी बायकोला न्यावं. हे मी बाई असून सांगते आहे, कारण नातेवाइकाच्या एका खोलीत नव्या सुनेचे जे हाल होतात ते मी भोगले आहेत. आम्ही साडूकडे दीड महिना राहिलो. एक खोली, मोरी आतच, आणि माणसं सात. त्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. पण मी पहाटे चारला उठून अंघोळ उरकायची, म्हणजे कुणाला बाहेर उभं राहावं लागू नये. नातेवाइकाकडे उतरायचंच असेल तर पहिल्याच दिवशी सांगा की अमुक तारखेला निघू, आणि किराण्याचे पैसे हातात द्या. घेत नसतील तर तेलाचा डबा आणून ठेवा.

गाठीला तीन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि जेवणखाणाचा पैसा असल्याशिवाय निघू नका. पहिला पगार लगेच हातात पडत नाही. पंधरवडा भरतो, मग हिशोब होतो, आणि पहिल्या हिशोबातून काहीतरी मागे ठेवून घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे.

निघायची वेळही बघा. दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका. धनत्रयोदशीच्या सुमारास कापडाचं मार्केट आणि खाती, म्हणजे लूमचे कारखाने, बंद व्हायला लागतात, कारागीर गावाला जातात, आणि लाभ पंचमीच्या मुहूर्तावर व्यवहार पुन्हा सुरू होतात. काही खात्यांना तर त्याहून वेळ लागतो. तेव्हा लाभ पंचमी झाली की जा. त्या दिवसांत मालकाला माणसं हवी असतात.

गाडीचं सांगायचं तर, लिंबायत, डिंडोली, नवागाम किंवा गोडादरा या भागात जायचं असेल तर सुरत स्टेशनापर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा.

खोली बघताना पाणी विचारा

आपले लोक भाडं विचारतात, डिपॉझिट विचारतात आणि होकार देऊन मोकळे होतात. मी म्हणते, पहिला प्रश्न पाण्याचा. नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो, एवढंच पुरेसं नाही. पावसाळ्यात खाडीचं पाणी कुठपर्यंत येतं, हे विचारा. लिंबायत, मीठी खाडी, पर्वत पाटिया या बाजूला जोराचा पाऊस झाला की खाडी फुगते आणि गल्लीत शिरते. सुरतेत याला खाडीपूर म्हणतात. मालक "काही येत नाही" म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका. खालच्या मजल्याच्या भिंतीकडे बघा, गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाचा फरक किंवा पोपडे दिसतात का ते. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा की पावसाळ्यात त्याच्या खालच्या फळीवरचा माल कुठे ठेवतो. तो खरं सांगतो, कारण त्याला ते दर वर्षी उचलावं लागतं.

मला ही अक्कल ऑगस्ट २००६ मध्ये आली. ते खाडीचं नव्हे, तापीचं पाणी होतं. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. आम्ही तळमजल्यावर. रात्रीतून लेकरांना वरच्या ओडिया कुटुंबाकडे नेलं. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती. चार दिवस त्यांनी आम्हाला त्यांच्यातला भात दिला. खाली पाण्यात आमची शिलाई मशीन, लेकरांची पुस्तकं आणि लग्नातली पेटी होती. माझं माहेर तापीकाठचं. लहानपणापासून जिची ओटी भरली तीच नदी तीनशे किलोमीटर खाली येऊन माझ्या घरात शिरली, याचं दुःख मला कुणाला समजावून सांगता आलं नाही. त्यानंतर आम्ही कधीही तळमजला घेतला नाही. भाडं थोडं जास्त पडलं तरी वरचा मजला घ्या. उन्हाळ्यात पत्रा तापतो हे खरं, पण ऊन सोसता येतं.

बाकी गोष्टी पटकन सांगते. वीज सब-मीटरवर असेल तर युनिटचा दर आधी ठरवा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा. भाडेकरार करायलाच लावा, कारण बँक, गॅस, शाळा सगळीकडे तोच कागद उपयोगी पडतो. घरमालकानं भाडेकरूची पोलिसांत नोंद करायची असते. त्यासाठी तुमचं आधार आणि फोटो मागितले तर गैर मानू नका. गॅसचं कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो.

आणि चार-पाच वर्षांत घर विकत घ्यायची वेळ आली, तर नोटरीच्या कागदावर भुलू नका. आपल्या कितीतरी लोकांनी शेतजमिनीवर पाडलेल्या सोसायटीत नोटरीवर घरं घेतली आणि आजही त्यांच्या हातात पक्का कागद नाही. तिकडे नोंदणीकृत खरेदीखताला दस्तावेज म्हणतात. दस्तावेज होणार का, हा एकच प्रश्न धरून बसा. लिंबायतसारख्या काही भागांत अशांत धारा लागू आहे, म्हणजे घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते. ती घेतली का तेही बघा.

खात्यातलं काम

सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि मागाला सांचा. आपल्या बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. पाळी बारा तासांची, सकाळी सातला लागली की संध्याकाळी सातला सुटते, दुसऱ्या पंधरवड्यात रात्रपाळी. पैसे विणलेल्या कापडाच्या मीटरवर. धाग्याची तार तुटली, बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) संपला, लाइट गेली, तेवढा वेळ तुमचा मीटर थांबलेला. म्हणून खातं धरताना नुसता मीटरचा भाव विचारू नका. सांचे किती सांभाळायचे, माल कसा आहे, खराब ताक्याचे, म्हणजे कापडाच्या ठाणाचे, पैसे किती कापतात, हे तिथल्याच जुन्या कारागिराला चहाच्या टपरीवर विचारा. मालकासमोर तो बोलणार नाही.

उचल घेऊ नका. तिकडे तिला उपाड म्हणतात. बहिणीचं लग्न, आजारपण, कारण खरंच असतं. पण एकदा उपाड चढली की दुसरीकडे चांगला भाव मिळाला तरी खातं सोडता येत नाही. ह्यांनी एकदा मोठी उपाड घेतली होती आणि ती फिटायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत शेजारच्या खात्यात मीटरमागे जास्त पैसे मिळत होते आणि आम्ही बघत राहिलो.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतो, आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला त्यात घ्यावं लागतं. वीस माणसं झाली की पीएफ. बरेच मालक एकाच छताखाली दोन-तीन नावांनी खाती दाखवतात, म्हणजे आकडा कमी राहतो. तरी विचारा. विचारणारे वाढले तर कधीतरी मिळेल, आणि कार्ड मिळालं तर बाळंतपणापासून अपघातापर्यंत सगळ्याला आधार होतो. निदान ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत, नाव तरी घालाच, मोबाइलवर होतं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. कानात बोळे घाला. कापसाचे नव्हे, मेडिकलमध्ये फोमचे मिळतात ते. पहिले आठ दिवस खात्यातून आल्यावरही कानात सांचा चालतो, मग सवय होते, आणि सवय झाली की माणसाला वाटतं आता त्रास नाही. तेव्हापासूनच कान जायला लागतो. ह्यांना आता नातवाचं बोबडं बोलणं ऐकू येत नाही. तो काहीतरी सांगतो आणि हे माझ्याकडे बघतात, मी मोठ्यानं परत सांगते.

हिऱ्याच्या कामाला जायचं असेल तर आधी नीट चौकशी करा. खजोदला हिऱ्यांचं मोठं बोर्स २०२३ मध्ये उघडलं, पण गेली काही वर्षं घंटीवरच्या, म्हणजे हिरे घासायच्या चाकावरच्या, कारागिराला मंदीनं फार छळलं आहे. बारावी झालेल्या, हिशोब येणाऱ्या पोरानं रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये दुकानातलं काम बघावं. पगार सुरुवातीला लूमपेक्षा कमी वाटेल, पण दिवसपाळी असते आणि धंदा शिकता येतो.

बायकांसाठी घरबसल्या काम भरपूर आहे: साडीचे धागे कापणे, लेस लावणे, टिकी आणि स्टोन चिकटवणे. नगावर पैसे. पोटला, म्हणजे मालाचं गाठोडं, कोण आणून देतो आणि कोण नेतो ते ठरवा, आणि वही ठेवा. मी रोजचे नग तारखेसकट लिहायची आणि देणाऱ्याची सही घ्यायची. पहिल्या वर्षी वही नव्हती, तेव्हा एका दलालानं दोन महिन्यांचे पैसे दिले नाहीत आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. स्टोनच्या गोंदाला वास असतो, लेकरू झोपलंय त्या खोलीत ते काम करू नका.

लिपी महिन्याभरात शिका

गुजराती बोलणं आपोआप येतं. वाचणं आपोआप येत नाही, आणि खरी गरज वाचण्याची असते. बसची पाटी, लाइट बिल, शाळेची सूचना, दवाखान्याची खिडकी. आपल्याला ते अवघड नाही. बरीचशी अक्षरं आपलीच आहेत, वरची रेघ तेवढी काढलेली. वेगळी आहेत ती अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब अशी मोजकी. रोज दोन अक्षरं धरा आणि दुकानांच्या पाट्या वाचत चाला. मी थोरल्याचं बोट धरून बालवाडीत सोडायला जाताना शिकले. तो विचारायचा, "आई, याच्यावर काय लिखेल शे?" आणि मला सांगता यायचं नाही, ते मनाला लागायचं.

बोलताना सारखे वाटणारे शब्द फसवतात. माझ्या पहिल्या मोठ्या पोटल्याच्या वेळी शेठनं सांगितलं, "लीलो दोरो लगाडजो." मी निळा दोरा लावला. पन्नास साड्या. लीलो म्हणजे हिरवा. निळ्याला ते भूरो म्हणतात. सगळा दोरा उसवून परत लावला, रात्री तीनपर्यंत, आणि दोऱ्याचे पैसे कापले ते वेगळे. तेव्हापासून मी रंग शब्दावर घेत नाही, नमुन्याचा तुकडा मागते. चोखा म्हणजे तांदूळ. रिक्षात डाबी बाजू म्हणजे डावीकडे, जमणी म्हणजे उजवीकडे. आणि काल या शब्दाला जपा. "काले आवजो" म्हणजे उद्या या.

कागद

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण सुरत परराज्य आहे हे गल्लीत नाही, कागदावर कळतं.

गुजरातेत नावापुढे मानानं भाई आणि बेन लावतात. बोलताना गोड वाटतं. पण शाळेत, दवाखान्यात नाव लिहून घेणारा सवयीनं ते कागदावरही लावतो. बापाचं नाव रमेश असेल तर मुलाच्या दाखल्यावर रमेशभाई होतं, आईचं सुनंदाबेन. आडनावही आधी येतं. मग आधारवर एक, जन्मदाखल्यावर दुसरं, आपल्याकडच्या सातबाऱ्यावर तिसरं. आमच्या थोरल्याच्या कागदांत हे झालं आणि एकेक दुरुस्त करण्यात माझे दोन उन्हाळे गेले. म्हणून लेकरू जन्मलं की दवाखान्यातच फॉर्मवर स्वतः नाव लिहा, आधारवर आहे तसंच, एक अक्षरही जास्त नको. दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी वाचा. यासाठीच लिपी शिका म्हणते.

दुसरं जातीच्या दाखल्याचं. आपल्या जातीचं आरक्षण राज्य बदललं की आपल्यासोबत येत नाही. गुजरातच्या राज्य सरकारी नोकरीत किंवा प्रवेशात महाराष्ट्रातून आलेल्याला ते मिळत नाही, जात तिथल्या यादीत असली तरी. लेकराचा दाखला आपल्याच तालुक्यातून काढावा लागतो, आणि त्यासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आम्ही सासऱ्यांच्या शाळेच्या १९५८ सालच्या नोंदीवरून दाखला काढला. ती नोंद गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या रजिस्टरात होती, पानं पिवळी पडून कडा झडलेल्या. अजून दोन पावसाळे गेले असते तर मिळाली नसती. तुम्ही निघण्याआधी आजोबांच्या शाळेचा उतारा किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल काढून ठेवा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा, कोण कुठल्या शाळेत होतं ते त्यांनाच माहीत असतं.

रेशन कार्ड बंद करू नका. आता एक देश एक रेशन कार्डमुळे आधार जोडलेलं असेल तर सुरतच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. शेत असेल तर वारस नोंद करून घ्या आणि ई-पीक पाहणी कोण करणार ते भावाशी ठरवून जा. ती शेतात उभं राहूनच करावी लागते, सुरतेत बसून होत नाही.

शाळेचं ठरवताना पुढची दहा वर्षं बघा. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, ही मोठी गोष्ट आहे, आणि पुढे माध्यमिकसाठी पालिकेच्या सुमन शाळा आहेत. पण पहिली ते आठवी गुजराती शिकणं २०२३ च्या कायद्यानं सगळ्याच शाळांत सक्तीचं आहे, आणि ते चांगलंच आहे. प्रश्न दहावीनंतरचा. महाराष्ट्रात परत येऊन शिकायचं तर दहावी-बारावी कुठून केली आणि अधिवासाचा दाखला आहे का हे विचारतात, आणि त्या दाखल्याला राज्यात सलग १५ वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात. म्हणून लेकराला शेवटी कुठे शिकवायचं ते आठवीपर्यंत ठरवा. आम्ही ठरवलं नाही. थोरल्याला जळगावला डिप्लोमा करायचा होता, तो सुरतेतच राहिला. त्यानं कधी तक्रार केली नाही, मलाच ते आठवतं.

राहता राहता

दुखणं आलं तर उमरवाड्याला पालिकेचं स्मीमेर आणि मजुरा गेटला सिव्हिल, ही दोन मोठी सरकारी इस्पितळं लक्षात ठेवा. आयुष्मान कार्ड असेल तर सोबतच आणा, राज्य बदललं तरी चालतं.

उत्तरायणाला, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, दुचाकीवर गळ्याभोवती जाड रुमाल गुंडाळल्याशिवाय आणि मागे-पुढे लेकरू बसवून जाऊ नका. पतंगाच्या दोऱ्यानं गळे कापतात. पुलावरून तर नकोच.

आपली खानदेशाची कानबाई देवी तिकडेही बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी डिंडोलीत, उधन्यात गल्लोगल्ली मांडव असतात, रोट होतात. नवी असाल तर त्या दिवशी घरात बसू नका, शेजारच्या कानबाईला जा. मला सुरतेत पहिली मैत्रीण तिथेच भेटली, दोंडाईच्याची. आणि थंडीत गाड्यांवर पोंक दिसला तर घ्या. तो आपला ज्वारीचा हुरडाच आहे, शेवेबरोबर खातात.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि दिवाळीचं तिकीट साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच काढा. नंतर दारात लटकून यावं लागतं, आणि लेकरू कडेवर घेऊन ते करू नये.

गावाहून येताना कळण्याचं पीठ दळून आणू नका. सुरतची हवा दमट, खारी. पंधरा दिवसांत पिठाला वास लागतो. ज्वारी आणि उडीद वेगवेगळे आणा, लागेल तसं मिसळून दळा. बिबडे आणि पापड आपल्याकडे टोपलीत उघडे राहतात, तिकडे मऊ पडतात. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, तळाला कागद घाला, आणि जून लागायच्या आत एकदा कडक उन्हात काढून परत भरा.